बावन्न मिनिटं

मुहर्रकमधलं मोत्यांच्या व्यापाऱ्याचं जुनं घर.
भिंती समुद्रातल्या दगडाच्या,
बोट फिरवून चाटलं तर अजून खारट.
आज इथे चाळीस खुर्च्या,
आणि गाण्यात घरघर नको म्हणून
स्विचपाशी मी.

हार्पवाल्या एनिकोबाईंनी दुपारीच विचारलं होतं,
हवेत पाणी किती?
मी मीटर दाखवला. बाहेर एक्क्याऐंशी, आत पंचावन्न.
तारा आतड्याच्या आहेत, म्हणाल्या, ओल पितात.
सत्तेचाळीस तारा, मधूनमधून एखादी लाल, एखादी काळी,
एकेक पिळत बसल्या
असरची बांग होऊन गेली तरी.

साडेसातला जलीला मॅडमनी मान हलवली.
मी यंत्र बंद केलं.

अकरा वर्षं झाली,
या देशात घरघर नसलेली खोली मी ऐकली नव्हती.
झोपतानाही उशाशी कुणाचा तरी कॉम्प्रेसर असतो.
हळूहळू एक घड्याळ ऐकू आलं,
एक बांगडी,
मग माझं स्वतःचं नाक.

बालिंतनं सॅक्सोफोनची पत्ती ओठात भिजवली
आणि मी सरळ उभा राहिलो.

हे वाद्य मला ठाऊक आहे.
आटपाडीला आमच्या बँडमध्ये ज्ञानूतात्या वाजवायचा.
मुलामा उडालेला, दोन चाव्यांना रबर बांधलेलं,
समोर जनरेटर, फटाके, नवरदेवाची घोडी.
मी मागे खुळखुळा घेऊन.
वऱ्हाड नाचायचं, नोटा ओवाळायचं,
ऐकायचं कुणीच नाही.
पंगत आमची शेवटची, मांडवाच्या मागे,
वाद्य मांडीवरच,
खाली ठेवलं तर कुणाचाही पाय लागतो.
जोरात फुकाय गाढवालाबी जमतंय रं, तात्या म्हणायचा,
पण हळू वाजवायची सुपारी
त्याला कुणी दिली नाही.

इथे हळू होतं.
सूर कुठे सुरू झाला
ते तो सुरू झाल्यावर कळायचं.
हार्प दोन पावलं पुढे जाऊन थांबायची,
अंधारात मागच्यासाठी कंदील धरावा तशी.
वर बोटं निवांत,
खाली बाईंचे पाय मात्र सारखे चाललेले,
मागावर बसल्यासारखे.
हे कुणी पाहत नव्हतं. मी पाहत होतो.
यंत्राच्या माणसाची नजर आधी खालीच जाते.

पस्तिसाव्या मिनिटाला मीटरवर चौसष्ट.
पुढच्या रांगेत एका राजदूतानं कॉलर सैल केली.
मॅडमनी माझ्याकडे पाहून बोट उचललं, चालू कर.
नेमका तेव्हा सॅक्सोफोन
श्वासाएवढा उरला होता.

मॅडम मला दिसल्या नाहीत.
त्यांनी दुसऱ्यांदा बोट उचललं.
दुसऱ्यांदाही दिसल्या नाहीत.

मग एक लाल तार उतरली, केसभर.
बाईंना कळलं, मला कळलं,
चूक माझी होती.
पण बालिंत त्या सुरापाशी आला
आणि ठेंगण्याशी बोलताना उंच माणूस वाकतो
तसा जरासा वाकला.
कुणाला काही कळलं नाही.

टाळ्या.
मी स्विच दाबला, अर्ध्या टाळ्या घरघरीत बुडाल्या.

मागच्या खोलीत त्यानं सॅक्सोफोन उलटा केला.
फरशीवर पाणी गळलं,
तात्याचं मातीत जिरायचं, तेवढंच.
मी फडकं पुढे केलं.
तुम्ही वाजवता? त्यानं इंग्रजीत विचारलं.
नो सर, म्हटलं, एसी.

रात्री वहीत लिहिलं,
हॉलचं यंत्र बंद, साडेसात ते आठ बावीस.
शेऱ्याच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकवून ठेवला.
मग लिहिलं,
एक तार उतरली. सांभाळून घेतली.